थवा उडाला, टाळ्या पडल्या. पण फोटो मिळाला कसा?

प्रतिनिधी

रविवारची पहाट. शहर अजून साखरझोपेत असते आणि सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या पेट्रोल पंपापाशी दोन-तीन मोटारी येऊन थांबतात. त्यातून उतरणाऱ्यांत कोणी बँकेत नोकरीला, कोणी संगणक अभियंता, तर कोणी निवृत्त शिक्षक. एकमेकांची आडनावे ठाऊक असतीलच असे नाही. पण कोणाकडे कोणती लेन्स आहे, हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ असते. टपरीवरच्या चहासोबत ‘सगळे आले का’ याची मोजदाद होते आणि गाड्या भिगवणच्या दिशेने निघतात.

हौशी छायाचित्रकारांच्या ‘फोटोसहली’चे हे नेहमीचे दृश्य. कॅमेरे डिजिटल झाले, पाठोपाठ मोबाइलमध्येही उत्तम कॅमेरे आले आणि शहरोशहरी असे गट उभे राहिले. पावसाळ्याच्या शेवटी कासचे पठार, आषाढी वारीच्या वेळी दिवे घाट आणि हिवाळ्यात भिगवण ही पुणे-साताऱ्याकडच्या गटांची ठरलेली ठिकाणे. सहल आखायची, फोटो काढायचे, परतल्यावर ते एकमेकांना दाखवायचे आणि त्यावर बोलायचे, असा हा क्रम. यातील शेवटची पायरी सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत निष्काळजीपणे उरकली जाते. वास्तविक, सहलीत कोण काय शिकला आणि पुढच्या सहलीत कोण कसे वागणार, हे दोन्ही तिथेच ठरते.

जुनीच परंपरा

चार छायाचित्रकारांनी एकत्र येऊन परस्परांचे काम पारखायचे, ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला आणि अवघ्या १५ वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. पुढे १९३७ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ही मुंबईतच उभी राहिली. अशा मंडळांच्या स्पर्धांत छायाचित्रकाराचे नाव झाकून चित्र परीक्षकांपुढे ठेवण्याची रीत आहे. चित्र कोणाचे आहे हे कळलेच नाही, तर भीड पडण्याचा प्रश्न उरत नाही, हा त्यामागचा साधा विचार.

फिल्मच्या काळात एका रोळात ३६ फोटो निघत. प्रत्येक क्लिकला पैसे पडत, त्यामुळे बोट दाबण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी. आता एका सकाळी हजारभर फोटो सहज निघतात. काढणे स्वस्त झाले. निवडणे मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाले. आपल्याच फोटोंविषयी आपल्याला निष्पक्ष राहता येत नाही. पहाटे उठल्याचा शीण, थंडीत कुडकुडल्याची आठवण, पक्षी दिसल्याचा आनंद हे सारे आपण नकळत त्या चित्रात मिसळतो. पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर असते ती फक्त चौकट. म्हणूनच दुसऱ्या डोळ्यांची गरज भासते.

आखणीत दडलेले यश

भिगवणचे उदाहरण घेऊ. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर हे गाव आहे. हिवाळ्यात इथल्या उथळ पाण्यात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. कुंभारगाव, डिकसळ या काठच्या गावांतील नावाडी छायाचित्रकारांना होडीतून पक्ष्यांच्या जवळपास नेतात. जानेवारीत सूर्य साधारण सात वाजता उगवतो आणि त्यानंतरचा तास-दीड तासच प्रकाश मऊ, सोनेरी असतो. त्या वेळी होडीत असायचे तर पुण्यातून पहाटे साडेचारच्या आत निघावे लागते. एकाने अर्धा तास उशीर केला, तर साऱ्या गटाचा प्रकाश जातो. सहलीच्या आखणीतला पहिला नियम म्हणूनच वेळेचा.

दुसरा नियम संख्येचा. एका होडीत मोजकीच माणसे असावीत. लहान होडीत एक जण उठला की सगळ्यांचे कॅमेरे हलतात. डोलणाऱ्या होडीत तिपाई निरुपयोगी ठरते. खाली बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून फोटो काढणे श्रेयस्कर. त्यामुळे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीपाशीही येतो. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांश भागाहून जलद ठेवावा लागतो. पांढुरका रोहित गडद पाण्यावर असेल, तर कॅमेऱ्याचा मापक फसतो. त्याला सगळीकडे अंधार दिसतो, तो प्रकाश वाढवतो आणि पक्ष्याची पिसे नुसता पांढरा डाग होऊन बसतात. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम थोडे कमी ठेवावे लागते. या गोष्टी निघण्यापूर्वीच गटातील जाणत्यांनी नवख्यांना सांगितल्या, तर होडीत कुजबुज आणि धांदल दोन्ही टळतात.

‘छान’ने काय साधते?

सहल संपते, फोटो मोबाइलवरच्या गटात येऊन पडतात आणि ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’ यांचा पाऊस सुरू होतो. ही दाद मनापासून असेलही. पण तिच्यातून काढणाऱ्याला काहीच कळत नाही. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक चित्र धारदार दिसते. पक्ष्याचा डोळा खरोखर टिपला गेला आहे की फोकस शेजारच्या गवतावर आहे, हे मोठ्या पडद्यावरच उमगते.

याच्या अगदी उलट टोकही काही गटांत दिसते. एखादा जाणता सदस्य नवख्याचा फोटो सर्वांसमक्ष सोलून काढतो. बोलणे चुकीचे नसते. पण नवखा पुढच्या वेळी फोटो दाखवत नाही आणि काही दिवसांनी सहलीलाही येत नाही. खोटी स्तुती आणि बोचरी टीका यांचा परिणाम एकच होतो, शिकणे थांबते.

मधला मार्ग अवघड नाही. प्रत्येकाने हजारातून निवडून फक्त तीन ते पाच फोटो आणावेत; ही निवड हाच पहिला धडा. फोटो नाव न सांगता मोठ्या पडद्यावर दाखवावा. आधी पाहणाऱ्यांनी बोलावे, काढणाऱ्याने शेवटी. आपली नजर प्रथम कुठे गेली, मग कुठे वळली आणि कुठे अडखळली, इतकेच जरी प्रत्येकाने सांगितले, तरी काढणाऱ्याला मोठा खजिना मिळतो. त्यानंतर एक जमलेली गोष्ट, एक हुकलेली गोष्ट आणि ती कशी साधता आली असती याची एक सूचना द्यावी. ‘क्षितिजरेषा डावीकडे कलली आहे’, ‘पक्षी ज्या दिशेला पाहतो आहे तिथे मोकळी जागा हवी होती’, ‘मागच्या बोरूत त्याची मान हरवली’ ही वाक्ये ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी देतात. दोष चित्राचे सांगावेत, माणसाचे नव्हे. आणि चर्चेची गाडी कॅमेऱ्याच्या किमतीकडे वळली, तर ती तिथेच थांबवावी.

एकत्र जाण्याचा खरा लाभ इथे कळतो. सहा जण एकाच होडीत, एकाच थव्यासमोर, एकाच प्रकाशात बसलेले असतात. तरीही सहा चित्रे वेगळी निघतात. कोणाला पाण्यातले प्रतिबिंब दिसलेले असते, तर कोणाला चोच उलटी बुडवून खाद्य गाळून घेणारा एकटा पक्षी. आपण तिथेच होतो, मग आपल्याला हे का दिसले नाही, हा प्रश्न कुठल्याही पुस्तकापेक्षा अधिक शिकवून जातो.

टाळ्यांची किंमत

मात्र अशा बैठकीत एक प्रश्न हमखास राहून जातो. हा फोटो मिळाला कसा?

रोहितांचा अख्खा थवा एकाच वेळी पाण्यावरून धावत, पंखांचा गुलाबी-काळा रंग उलगडत झेपावतो, ते दृश्य विलक्षण असते. बैठकीत सर्वाधिक टाळ्या याच फोटोला पडतात. आता हे चित्र जरा निरखून पाहावे. सगळ्या पक्ष्यांच्या शेपट्या आपल्याकडे आणि माना विरुद्ध दिशेला असतील, तर ते कशापासून तरी दूर पळत आहेत. बहुधा ती आपलीच होडी असते. त्याच्या आधीच्या फोटोत साऱ्या माना ताठ वर झालेल्या दिसतील. चरणे थांबवून पक्षी सावध झाल्याची ती खूण. होडीने तेव्हाच थांबायला हवे होते. लेन्स किती लांब पल्ल्याची होती, हेही डिजिटल फोटोसोबत नोंदलेले असते. त्यावरून होडी किती जवळ गेली असावी, याचा जाणकाराला अंदाज बांधता येतो. चित्र आपल्या निर्मितीची साक्ष स्वतःच देत असते; वाचणारा हवा.

इतक्या मोठ्या पक्ष्याला पाण्यावर धाव घेतल्याखेरीज उडता येत नाही. दर वेळी उठवल्याने त्याची चरण्याची वेळ जाते आणि शक्ती खर्च होते. एका होडीने एकदा उठवले तर एक वेळ समजून घेता येईल; परंतु सुटीच्या दिवशी एकामागून एक होड्या त्याच थव्याकडे जातात. ‘अजून थोडे जवळ घ्या’ असे सांगणारा गिऱ्हाईक असतो आणि त्याला नाही म्हणणे नावाड्याला परवडणारे नसते. वास्तविक, पक्षी टिकले तरच त्याचाही हिवाळ्यातला रोजगार टिकणार आहे.

प्रश्न केवळ पक्ष्यांपुरता नाही. पुण्याहून सासवडकडे निघालेली ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते, तेव्हा कडेच्या उतारांवर कॅमेऱ्यांची दाटी झालेली असते. दिंडीच्या वाटेत आडवे उभे राहून, वारकऱ्याला थांबवून ‘पुन्हा एकदा हसा’ म्हणणारेही त्यात असतात. मुक्कामाच्या ठिकाणी स्नान करणाऱ्या बायकांवर रोखलेल्या लेन्सही असतात. वारकरी वाटेने चालला आहे तो विठ्ठलासाठी; आपल्या स्पर्धेच्या पदकासाठी नव्हे. त्याच्याशी दोन शब्द बोलून, त्याची अनुमती घेऊन काढलेल्या फोटोत जो मोकळेपणा उतरतो, तो चोरून टिपलेल्या चेहऱ्यात क्वचितच दिसतो.

वन्यजीव छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धा घरट्यावरील पक्ष्यांचे फोटो स्वीकारत नाहीत. असे फोटो मिळवण्याच्या नादात पिलांचा जीव जाऊ शकतो, हे त्यामागचे कारण. हाच निकष हौशी गटाने आपल्या छोट्या बैठकीत लावायला कोणाचीही हरकत नसावी. पक्ष्यांना उठवून मिळवलेल्या फोटोवर ‘सुंदर आहे, पण याला दाद देणार नाही’ एवढे एका ज्येष्ठ सदस्याने शांतपणे म्हटले, तरी ते बाकीच्यांच्या कायमचे लक्षात राहते. कारण नवखा छायाचित्रकार नियमांच्या यादीपेक्षा टाळ्यांकडे अधिक पाहत असतो. आज ज्या फोटोला वाहवा मिळते, तसाच फोटो मिळवायला तो पुढच्या रविवारी निघणार असतो. होडी कुठे थांबणार, हे अशा प्रकारे आदल्या बैठकीतच ठरून गेलेले असते.

सहलीला निघण्यापूर्वी

- निघण्याची वेळ सूर्योदयावरून मागे मोजून ठरवा. उशिरा येणाऱ्यासाठी किती थांबायचे, हेही आधीच ठरवा.
- अभयारण्य किंवा संरक्षित वास्तू असेल, तर परवानगी आणि तिपाईबाबतचे नियम आधी विचारून घ्या.
- जास्तीची बॅटरी व मेमरी कार्ड न्या. भडक रंगाचे कपडे टाळा.
- ‘पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा’ असे नावाड्याला होडीत बसतानाच सांगा. ठरलेले पैसे फोटो मिळो न मिळो, पूर्ण द्या.
- माणसांचे फोटो विचारून काढा आणि शक्य असेल तेव्हा त्यांना दाखवा.
- बैठकीची तारीख सहलीआधीच ठरवा. प्रत्येकी पाचच फोटो. आणि प्रत्येक फोटोमागे एक प्रश्न ठरलेला: हा मिळाला कसा?