खानदेश : शिंपाधारी जीवाश्म

जळगाव व धुळे जिल्ह्यांचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपचा असून तापीकाठी त्यावर नदीचा गाळ साचला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्यापासून ट्रॅप खडक बनल्याने त्यांत सागरी शिंपल्यांचे जीवाश्म नसतात. सातपुड्यापलीकडे नर्मदा खोऱ्यात बाघ (जि. धार, मध्य प्रदेश) येथे मात्र ट्रॅपखालचे चुनखडक उघडे पडले असून त्यांत कालवे, इनोसेरॅमस इ. शिंपाधाऱ्यांचे जीवाश्म आढळतात. उत्तर क्रिटेशस काळात (सु. ९ कोटी वर्षांपूर्वी) पश्चिमेकडून आत शिरलेल्या उथळ समुद्रात हे चुनखडक साचले. तापीच्या गाळातील शिंपले गोड्या पाण्यातील व बरेच नंतरचे असतात. म्हणून केवळ शिंपल्यावरून प्राचीन समुद्राचे अनुमान करता येत नाही; प्राण्याचा प्रकार व खडक ही दोन्ही पहावी लागतात.