फास्ट फूड साखळ्यांमधील सातत्याचे महत्त्व

प्रस्तावना :
फास्ट फूड साखळीचा ग्राहक पदार्थ तयार करणाऱ्यास ओळखत नसतो. तरीही परक्या गावात तो परिचित नामफलक पाहून आत शिरतो. कारण चव, प्रमाण व स्वच्छता नेहमीसारखीच असेल, असा त्याचा विश्वास असतो. या विश्वासाचा आधार म्हणजे सातत्य होय.

सातत्याची जडणघडण :
कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये आपल्या उपाहारगृहाची पुनर्रचना केली. मोजकेच पदार्थ ठेवून प्रत्येक कामगारास ठरावीक काम नेमून दिले. १९५५ मध्ये रे क्रॉक यांनी इलिनॉय राज्यात शाखा उघडून फ्रँचायझी पद्धतीने व्यवसायाचा विस्तार केला. या पद्धतीत शाखांचे मालक अनेक, परंतु नाव एकच असते. त्यामुळे एका शाखेतील हलगर्जीपणाची झळ सर्वांना बसते. म्हणूनच लेखी कार्यपद्धती, ठरावीक पुरवठादार व नियमित तपासणी यांवर भर देण्यात आला. १९६१ मध्ये 'हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी' हे प्रशिक्षण केंद्रही सुरू झाले.

सातत्य व अन्नसुरक्षा :
सातत्याचा संबंध केवळ चवीशी नसून ग्राहकाच्या जीविताशीही आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत 'जॅक इन द बॉक्स' या साखळीतील अपुऱ्या शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे ई. कोलाय जिवाणूंचा संसर्ग होऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले व ४ बालके दगावली. वॉशिंग्टन राज्याच्या नियमानुसार मांस १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत शिजणे आवश्यक होते. साखळीत मात्र १४० अंशांचे प्रमाण पाळले जात होते. प्रमाणच सदोष असेल, तर सातत्यामुळे तो दोष अनेक शाखांत पोहोचतो, हे यावरून दिसते. त्यानंतर या साखळीने उत्पादनाच्या टप्प्याटप्प्यावर धोके तपासणारी पद्धत स्वीकारली.

सातत्य व स्थानिक अभिरुची :
सातत्य म्हणजे सर्वत्र तेच पदार्थ देणे नव्हे. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आले, तेव्हा गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य करण्यात आले. पुढे मॅकआलू टिक्कीसारखे पदार्थ लोकप्रिय झाले. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवण्यात आली. पदार्थ बदलले, तरी प्रमाणबद्ध कार्यपद्धती कायम राहिली.

निष्कर्ष :
सातत्य हे फास्ट फूड साखळीचे खरे भांडवल आहे. तथापि ते अचूक प्रमाणांवर आधारलेले असावे आणि त्या प्रमाणांची वेळोवेळी फेरतपासणी व्हावी. अन्यथा विश्वासाने आत आलेल्या ग्राहकालाच त्याची किंमत मोजावी लागते.