फायबरची जुनी होडी : मडक्यासारखी वाजवून घ्यावी

जुनी होडी विकायला निघाली की विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो, "लाकूड नव्हे हे, फायबर आहे. याला काही होत नाही." आम्हीही ते ऐकले आणि मान डोलावली. चार घरांनी वर्गणी काढून २४ फुटांची, वीस वर्षे वापरलेली शिडाची होडी घेतली. वरून ती चकचकीत होती. पहिल्याच मे महिन्यात ती मांडवीतून किनाऱ्यावर ओढली आणि एकेक भाग सोडवून पाहिला, तेव्हा डोलकाठीची तार जिला जखडलेली असते ती पोलादी पट्टी डेकच्या आत अर्ध्याहून जास्त खाल्लेली निघाली. आदल्याच रविवारी आमची मुले त्या होडीत होती.

त्या दिवसापासून आम्ही दरवर्षी होडी तपासतो. मंडळातल्या आणखी काही घरांतून आता जुन्या होडीची चौकशी होऊ लागली आहे. त्यांच्यासाठी, आणि आपली मुले कोणाच्या तरी होडीतून शीड शिकायला पाठवणाऱ्या आईबाबांसाठी, हे लिहीत आहोत.

अर्धे खरे वाक्य

"फायबरला काही होत नाही" हे अर्धे खरे आहे. फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि तिच्यात मुरवलेले रेझिन, बहुधा पॉलिएस्टर. साच्याला आधी जेलकोटचा रंगीत थर देतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यावर काचेच्या चटया आणि रेझिन यांचे थर एकावर एक चढवतात. घट्ट झाल्यावर साच्यातून काढले की बाहेर दिसतो तो जेलकोट, आणि खरी ताकद त्यामागच्या थरांत. हे थर लाकडासारखे कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही.

पण होडी म्हणजे नुसते हे कवच नव्हे. डेकच्या दोन थरांमध्ये वजन कमी राखण्यासाठी बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते. आतले आडवे पडदे प्लायवूडचे असतात. तारा, पट्ट्या, बोल्ट पोलादाचे असतात. तळाला पाण्याची भोके आणि त्यांवर कॉक असतात. कवच टिकते, पण त्याच्या आत झाकलेले हे सगळे खराब होऊ शकते. वरून चकचकीत दिसत असल्यामुळे ते कळतही नाही. म्हणून जुन्या होडीत फायबर किती चांगले आहे हे तर पाहावेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे फायबरमधून पाणी कुठे शिरले आहे हे शोधावे.

आधी कान, मग डोळे

बाजारात मडके घेताना आपल्याकडे बायका ते बोटाने वाजवून पाहतात. होडीचेही तसेच करायचे. प्लॅस्टिकची छोटी हातोडी किंवा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन डेकवर आणि कवचावर वीतभर अंतराने हलके ठोकत जायचे. जिथे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत तिथे खणखणीत, कोरडा आवाज येतो. जिथे थर सुटले आहेत किंवा आतले लाकूड भिजून कुजले आहे तिथे आवाज एकदम मंद, भद्द होतो. अशा जागेभोवती खडूने रेघ मारून ठेवायची. काम संपल्यावर त्या खडूच्या रेघांकडे पाहिले की रोग कुठे आणि किती पसरला आहे ते समजते. मात्र आत पडदा किंवा टाकी असेल तिथेही आवाज बदलतो, हे लक्षात ठेवावे.

डेकवर अनवाणी चालून पाहावे. टाचेखाली जमीन दबते असे वाटले, किंवा पाऊल टाकताच एखाद्या स्क्रूच्या कडेने पाणी वर आले, तर आतले लाकूड गेले असे समजावे. बहुतेक वेळा सुरुवात स्क्रूच्या एखाद्या भोकापासूनच होते. भोकाच्या कडेची सीलबंदी आटते, पावसाचे पाणी आत झिरपते आणि वर्षानुवर्षे बाल्सा भिजत राहतो. उपाय म्हणजे भोक थोडे मोठे करून आतले ओले लाकूड कोरून काढायचे, जागा पूर्ण वाळवायची, घट्ट इपॉक्सीने भरायची आणि त्या इपॉक्सीतून नवे भोक पाडायचे. मग पाणी शिरले तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही.

जेलकोटवरच्या बारीक चिरांनी घाबरून जाऊ नये, पण त्यांची दिशा पाहावी. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या चिरा म्हणजे तिथे काहीतरी आपटले आहे. एकमेकींना समांतर चिरा म्हणजे तो भाग वारंवार वाकतो आहे, आतला आधार सुटला असेल. चीर नुसत्या जेलकोटात आहे की खालच्या थरांत उतरली आहे, हे थोडे घासून पाहिल्याशिवाय समजत नाही. आतल्या बाजूने कपाटे रिकामी करून, टॉर्च घेऊन प्लायवूडचे पडदे कवचाला जिथे जोडले आहेत तिथे पाहावे. जोडाच्या काचपट्ट्या सुटल्या असतील किंवा प्लायवूड काळे पडले असेल, तर तो भाग आता भार पेलत नाही.

तळावरचे फोड

होडी पाण्याबाहेर काढल्या काढल्या तळ धुऊन घ्यावा आणि त्याच दिवशी हात फिरवून पाहावा. वाटाण्याएवढे, कधी रुपयाएवढे फोड हाताला लागतात. होडी वाळत गेली की ते बसतात, म्हणून उशीर करू नये.

जेलकोट पूर्ण जलाभेद्य नसतो. पाणी हळूहळू आत मुरते, थरांतल्या काही रसायनांना विरघळवते आणि तिथे दाट, आम्लधर्मी द्रव तयार होतो. परासरणाने, म्हणजे ऑस्मोसिसने, तो बाहेरचे आणखी पाणी ओढतो आणि दाब वाढून फोड येतो. फोडला तर व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. हा द्रव दाबाखाली असतो, डोळ्यांत उडू शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय फोड उघडू नये. तुरळक फोड म्हणजे होडी बुडणार असे नाही. ते उघडून, धुऊन, नीट वाळवून इपॉक्सीने भरता येतात. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर मात्र जेलकोट काढून महिनोन्महिने वाळवावे लागते, आणि तो खर्च होडीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो.

आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात आणि गार पाण्यापेक्षा कोमट पाण्यात फोड लवकर येतात. पावसाळ्यात घाटावरून येणाऱ्या लोंढ्याने मांडवी-जुवारीचे पाणी खूपच गोडे होते. म्हणजे पावसाळाभर होडी नदीत नांगरून ठेवणे वाऱ्यापावसामुळे धोक्याचे तर आहेच, शिवाय तळालाही वाईट आहे.

भोके आणि कॉक

आपल्या होडीला पाण्याखाली किती भोके आहेत, हे घरातल्या प्रत्येक वापरणाऱ्याला पाठ असायला हवे. इंजिनाचे थंड पाणी, मोरीचे पाणी, कधी शौचालय, अशा प्रत्येकाचे एक भोक असते. पाण्याखाली अर्धा मीटर असलेल्या २५ मिलिमीटरच्या भोकाची नळी निसटली तर मिनिटाला ५० लिटरहून जास्त पाणी आत येते, म्हणजे दोन-तीन बादल्या. हातपंपाने एकटा माणूस एवढे पाणी फार वेळ उपसू शकत नाही.

प्रत्येक कॉक बंद-चालू होतो का ते पाहावे. अडकलेला कॉक संकटात कामाचा नाही. त्याचा धातू नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडावा. नळजोडणीच्या दुकानात मिळणारा साधा पितळी कॉक समुद्राच्या पाण्यात टिकत नाही. पितळेतले जस्त निघून जाते, मागे गुलाबी, भुसभुशीत तांबे उरते, आणि बाहेरून धड दिसणारा कॉक एके दिवशी हातात तुटून येतो. इथे गनमेटल म्हणजे ब्राँझच हवे. प्रत्येक नळीला दोन क्लिपा असाव्यात आणि प्रत्येक कॉकशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. ही खुंटी काही रुपयांत होते.

धातूंच्या रक्षणासाठी लावलेला जस्ताचा ठोकळा अर्धा झिजला की बदलावा. त्याच्यावर रंग मारू नये, रंगवला तर तो काम करीत नाही.

डोलकाठी, तारा आणि पट्ट्या

आमची होडी जिथे फसवी निघाली ती ही जागा. स्टेनलेस स्टील गंजत नाही असे आपण समजतो. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. डेकमधून पट्टी जिथे आरपार जाते तिथे ओल असते पण हवा नसते. तो थर तिथे मोडतो आणि पट्टी आतल्या आत खाल्ली जाते. डेकच्या वर ती लखलखीत, खाली आतही ठीक, मधल्या दोन सेंटिमीटरमध्ये पोखरलेली. म्हणून पट्ट्या बाहेरून पाहून भागत नाही. काही वर्षांनी एकदा त्या काढूनच पाहाव्या लागतात. पट्टीच्या मुळाशी तपकिरी डाग किंवा आतल्या प्लायवूडवर ओघळ दिसला तर वाट पाहू नये.

तारा तपासायला कापसाचा बोळा पुरतो. तारेवरून तो वरपासून खालपर्यंत फिरवायचा. एखादी बारीक तार तुटली असेल तर तिथे कापूस अडकतो. एक तार तुटली तरी ती पूर्ण दोरी बदलायची. टोकाच्या दाबून बसवलेल्या जोडांना भिंगाने पाहावे, उभ्या चिरा तिथेच सुरू होतात. तारा धड दिसल्या तरी साधारण दहा वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण प्रघात आहे. विकणाऱ्याला त्या कधी बदलल्या हे सांगता आले नाही, तर नव्या तारांचा खर्च होडीच्या किमतीत मिळवूनच सौदा करावा.

तळाचा कणा आणि सुकाणू

तळाखालचा जड कणा, म्हणजे कील, बोल्टांनी बसवलेला असेल तर त्याच्या जोडाची रेघ पाहावी. तिथे चीर असेल आणि तिच्यातून गंजाचे पाणी ओघळत असेल, तर बोल्टांपर्यंत पाणी पोहोचले आहे. होडी कधी वाळूत किंवा खडकावर बसली होती का, हे स्पष्ट विचारावे. असा धक्का कण्याच्या मागच्या टोकाशी आतल्या आधारांवर बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही. सुकाणू धरून हलवून पाहावे, खडखडत असेल तर बुशिंग झिजले आहे. होडी वर काढल्यावर दोन-तीन दिवसांनीही सुकाण्यातून पाणी ठिबकत असेल, तर आतला फोम भिजला आहे आणि आतली पोलादी चौकट तपासायला हवी.

कणा आणि बोल्ट यांचा निवाडा आपण स्वतः करू नये. तिथे जाणकार सर्व्हेअरला बोलवावे.

कामाचे वेळापत्रक

आपल्या किनाऱ्यावर हे वेळापत्रक फार पूर्वीपासून ठरलेले आहे. पाऊस येण्याआधी रापणीच्या होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात सोडायच्या. फायबरच्या होडीलाही हेच लागू पडते.

होडी मेच्या सुरुवातीला वर काढावी आणि तपासणी लगेच करावी. रेझिनची कामे पहिल्या पावसाआधी उरकावीत, कारण दमट हवेत आणि ओल्या थरांवर रेझिन नीट धरत नाही. जी जागा वाळलीच नाही ती पावसाळ्यात बुजवू नये, उघडी ठेवून छपराखाली ऑक्टोबरपर्यंत वाळू द्यावी. पावसाळ्यात दोऱ्या, शिडाची शिवण, कॉक, इंजिन आणि वायरी पाहाव्यात. शिडात कापडाआधी शिवणीचा धागा उन्हाने मरतो, तो नखाने ओढून पाहावा.

स्वतः रेझिन हाताळणाऱ्यांनी मास्क, चष्मा, हातमोजे वापरावेत. काचेची धूळ फुप्फुसात जाते आणि हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मगच हार्डनर घालायचा. तुटलेल्या जागेची कड उभी न ठेवता जाडीच्या बारा पट उतरती घासावी. ५ मिलिमीटर जाडीला ६ सेंटिमीटर उतार हवा, तरच नवे थर जुन्याला धरतात. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी जास्त चांगली चिकटते.

फायबरवर आमचा राग नाही. दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली आणि २०१७ मध्ये नौदलात आलेली फायबरग्लासची 'तारिणी' त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि २०१८ मध्ये गोव्यात परतली. २०२४-२५ मध्ये तीच होडी दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा प्रदक्षिणा करून आली. फायबर टिकते, पण त्यासाठी कोणीतरी दर वर्षी पट्ट्या सोडवून, कॉक खरवडून, तारांवरून कापूस फिरवून पाहावे लागते.

आमची ती खाल्लेली पट्टी आम्ही टाकून दिलेली नाही. होडीतल्या कपाटात ती खिळ्याला टांगली आहे. नवे मूल शीड शिकायला आले की आधी ती त्याच्या हातात देतो, मग सुकाणू. जुनी होडी घेण्याचा विचार असलेल्या सभासदांनी सौदा करण्याआधी एकदा आमच्याकडे येऊन ती पट्टी जरूर पाहावी. ठोकायची हातोडीही आम्ही उसनी देऊ.