तीन मिलिमीटरची चूक

सिन्नरहून नाशिक तीसेक किलोमीटर. तिथे पूलचे टेबल पाहून आलेल्या दहावीच्या दोन मुलांनी सुट्टीत आम्हाला विचारले, "घरी टेबल नाही, क्यू नाही. तरी घरच्या घरी सराव करून हा खेळ सुधारता येईल का?" प्रश्न वाजवी होता. स्पर्धेतल्या पूल-टेबलाचा खेळण्याचा भागच २५४ सें.मी. लांब आणि १२७ सें.मी. रुंद असतो. भोवती क्यू मागे ओढायला जागा लागते ती वेगळीच. आपल्याकडच्या बहुतेक घरांत एवढी खोलीच नसते. कॅरम मात्र सहसा कपाटामागे उभा करून ठेवलेला असतो. आम्ही तो खाली काढला आणि या प्रश्नाचे उत्तर त्यावर शोधायचे ठरवले.

हे खेळ आपल्याला परके आहेत असेही नाही. स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्डसचे जागतिक हौशी विजेते झाले. आणि चक्रीवादळांच्या संदर्भात आपण ज्याचे नाव वर्गात घेतो त्या कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्डसच्या गणितावर एक अख्खे पुस्तक लिहिले होते!

आता नेमबाजीकडे वळू. सोंगटी पॉकेटमध्ये घालायची तर स्ट्रायकर कुठे मारावा? बहुतेक मुले म्हणतात, "सोंगटीच्या ज्या बिंदूवर लागायला हवा, तिथे." इथेच पहिली गफलत होते. पॉकेटच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यापर्यंत एक रेषा काढा आणि ती तशीच मागे वाढवा. स्ट्रायकर सोंगटीला टेकेल त्या क्षणी त्याचा मध्य या वाढवलेल्या रेषेवर हवा. स्ट्रायकरचा व्यास ४.१ सें.मी. आणि सोंगटीचा ३.१ सें.मी. धरला, तर हा बिंदू सोंगटीच्या मध्यापासून दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतका, म्हणजे ३.६ सें.मी. मागे येतो. नेम धरायचा तो या मोकळ्या जागेवर. तिथे एक न दिसणारा स्ट्रायकर आधीच ठेवलेला आहे असे समजावे. पूल खेळणारेही असाच एक काल्पनिक चेंडू डोळ्यांसमोर आणतात. कॅरमवर खडूने ही रेषा आखून खरा स्ट्रायकर तिथे ठेवून दाखवला, की मुलांना ते चटकन कळते.

पण कळले तरी सोंगटी जात नाही. असे का? स्ट्रायकर आणि सोंगटी यांच्या मध्यांत ३६ सें.मी. अंतर आहे आणि सोंगटी, स्ट्रायकर, पॉकेट सगळे एका रेषेत आहेत, असा सोपा फटका घेऊ. आपली दिशा फक्त १ अंशाने चुकली. ३६ सें.मी. गेल्यावर ही चूक साधारण ६ मि.मी. होते. म्हणजे सोंगटीला ठोसा तिच्या मध्यरेषेतून न बसता ६ मि.मी. बाजूने बसतो. आता ३.६ सें.मी. कर्ण आणि ०.६३ सें.मी. बाजू असा काटकोन त्रिकोण वहीवर काढा. त्यातला लहान कोन सुमारे १० अंश भरतो. त्यातून मूळचा १ अंश वजा केला, तर सोंगटी ९ अंश वाकडी जाते. चूक नऊपट झाली! पॉकेट ३० सें.मी. दूर असेल, तर तिथे पोचेपर्यंत सोंगटी जवळजवळ पावणेपाच सें.मी. भरकटते. पॉकेटचा व्यास ४.४५ सें.मी. आहे. सोंगटीचा मध्य त्या वर्तुळात आला तर ती पडणार, म्हणजे एका बाजूला जेमतेम २.२ सें.मी.ची सूट. उलटे गणित केले तर स्ट्रायकरला सुमारे अर्ध्या अंशाची सूट मिळते, आणि सोंगटीपाशी ती भरते ३ मि.मी.

चूक किती पट होईल हे काढण्याचा सोपा हिशोब असा: स्ट्रायकरपासून सोंगटीपर्यंतचे अंतर भागिले त्रिज्यांची बेरीज, वजा एक. अंतर निम्मे, म्हणजे १८ सें.मी. केले, तर पट नऊवरून चारवर येते. पूलच्या चेंडूंचा व्यास ५.७ सें.मी. असतो. दोन चेंडूंत एक मीटर अंतर असेल, तर १ अंशाची चूक १६-१७ अंशांची होते. म्हणून नवशिक्याने लांबचे फटके मारत बसणे म्हणजे वेळ घालवणे, असे आमचे मत आहे. जवळून सुरुवात करावी आणि दहांत आठ जाऊ लागल्यावरच चार बोटे मागे सरकावे.

आघातानंतर मात्र दोन्ही खेळांच्या वाटा वेगळ्या होतात. फरशीवर एकाच प्रकारची दोन नाणी घ्या आणि एकाने दुसऱ्याला तिरके मारा. वस्तुमान सारखे असल्याने दोन्ही नाणी जवळपास काटकोनात फाकतात. आघातात थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून कोन ९० पेक्षा काहीसा कमी भरेल. पूलमध्येही चेंडू सारख्याच वजनाचे असतात. कॅरमचा स्ट्रायकर मात्र १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी फार तर साडेपाच ग्रॅमची. जड वस्तू स्थिर हलक्या वस्तूवर आदळली, तर ती किती वळू शकेल याला मर्यादा असते. त्या कोनाची ज्या म्हणजे हलके वस्तुमान भागिले जड वस्तुमान. इथे ५.५ भागिले १५, म्हणजे सुमारे २१ अंश. एका सोंगटीवर कसाही कट मारा, स्ट्रायकर त्या आघाताने याहून जास्त वळणारच नाही. सरळ फटक्यात तर तो जवळजवळ निम्म्या वेगाने सोंगटीच्या मागोमाग जातो, आणि तिच्या पाठोपाठ पॉकेटात पडून दंड भरायला लावतो. हे "नशीब" नाही, वजनांचे प्रमाण आहे.

आता सराव. त्या मुलांना आम्ही आधी सोंगटीच दिली नाही. समोरच्या फळीशी दोन काड्यापेट्या उभ्या करायच्या, मधली फट स्ट्रायकरहून एक सें.मी. जास्त ठेवायची, आणि वीस वेळा स्ट्रायकर त्या फटीतून फळीला लावायचा. किती वेळा जमले ते वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात १२, पुढच्या आठवड्यात १४. मुले खूश झाली. आम्हाला त्यांचा उत्साह थोडा मोडावा लागला. दहांत सहा फटके बसणाऱ्या खेळाडूचे वीस फटक्यांतले यश काहीही न शिकता १० ते १४ असे सहज वरखाली होते. खरी सुधारणा पाहायची तर किमान शंभर फटके मोजावेत. तिथेही साठाचे पासष्ट झाले, तर लगेच पेढे वाटू नयेत. सांख्यिकीचा पाठ शिकवणाऱ्या शिक्षकांना याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

दुसरी गोष्ट जागा बदलण्याची. केर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ साली मुलांना दाण्यांच्या पिशव्या नेमावर टाकायला लावल्या. आठ वर्षांच्या काही मुलांनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा झाली तीन फुटांवरून, तरी सरस ठरली ती दोन-चार फुटांवाली मुले. एकच फटका घोटत राहिले की तो फटका बसतो. अंतर आणि कोन बदलत राहिले की नेम धरणे बसते. अर्थात, सराव करताना दुसरी पद्धत जास्त चुकांची वाटते, आणि म्हणून मुले ती टाळतात.

कॅरमवर जे शिकता येत नाही तेही सांगायला हवे. स्ट्रायकर घसरतो, चेंडू घरंगळतो. घरंगळत आलेला पांढरा चेंडू दुसऱ्यावर सरळ आदळला तर क्षणभर थबकतो, पण अंगातल्या फिरकीमुळे पुन्हा पुढे निघतो आणि शेवटी मूळ वेगाच्या सुमारे दोन सप्तमांश वेगाने जातो. क्यू चेंडूच्या मध्याखाली मारून हे टाळता येते, अगदी उलटेही करता येते. त्याला टेबलच हवे.

क्यूचा हात सरळ चालण्याचा सराव मात्र घरी होतो. पूल खेळणाऱ्यांची ही जुनी युक्ती. रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची, आणि क्यू तिच्या तोंडातून काठाला न लागता आतबाहेर न्यायचा. आमच्या मुलांनी झाडूचा दांडा टोकाला तासून क्यूइतका, म्हणजे १३ मि.मी. जाडीचा केला आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली. तिच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २ सें.मी. निघाला. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ७ मि.मी. मोकळे, एका बाजूला साडेतीन. पहिल्या संध्याकाळी दांडा दहांतून नऊ वेळा बाटलीला लागला आणि बाटली खाली गेली. आता ती टेकूला दोन विटा लावून ठेवतात, आणि शंभर फटके मोजतात.