कार्डावरचा सोनेरी चौकोन

बँकेचं कार्ड जवळ असेल तर जरा हातात घ्या. पुढच्या बाजूला नखाएवढा सोनेरी चौकोन दिसतो ना? ती चिप. आज तिच्याबद्दल बोलू.

आधी कार्ड उलटं करा. मागे काळी पट्टी आहे. पूर्वी कार्डावर फक्त तीच असायची. ही पट्टी कॅसेटच्या फितीसारखी. तिच्यात खात्याची माहिती भरलेली असते आणि यंत्रात घातली की दर वेळी तेच गाणं वाजतं. एका कॅसेटवरून दुसरी भरून घ्यावी, तशी पट्टीची नक्कल करता येते. चोर एटीएमच्या फटीवर स्वतःचं यंत्र चिकटवतात, वर बारीक कॅमेरा लावतात. पट्टीही मिळते, पिनही मिळतो. कार्ड आपल्या पर्समध्ये रत्नागिरीत, आणि पैसे निघतात भलत्याच शहरात!

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरीला गेले. तिथे बँकेची यंत्रणाच फसवली होती, पण त्यातले बरेचसे पैसे काढले गेले ते नकली कार्डांनी, २८ देशांतल्या एटीएममधून.

चिपची नक्कल का होत नाही? चिप म्हणजे इवलासा संगणक. तिच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती बँकेला ठाऊक असते, पण चिप ती कोणत्याच यंत्राला दाखवत नाही. यंत्र चिपला रक्कम सांगतं आणि एक नवा आकडा देतं. चिप किल्ली वापरून त्याचं उत्तर तयार करते, बँक ते पडताळते. पुढच्या वेळी आकडा नवा, उत्तरही नवं. चोराने आजचं उत्तर टिपलं, तरी उद्या ते शिळं. हे सवाल-जवाब व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून कार्ड यंत्रात खोचून ठेवावं लागतं.

रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची जुनी कार्डं बदलायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. तुमचं कार्ड अजून बिनचिपचं असेल, तर शाखेत जाऊन बदलून घ्या.

पण बायांनो, चिप कार्ड राखते, पिन नाही. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिणं, पैसे काढायला शेजारच्या मुलाला कार्ड आणि पिन दोन्ही देणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. फोनवर ओटीपी सांगितला, तर तिथे चिप काहीच करू शकत नाही. पिन दाबताना दुसऱ्या हाताने झाका. यंत्र जमत नसेल, तर गटातल्या दोघीतिघी मिळून जा, पण आकडे आपणच दाबा. काही कार्डं नुसती टेकवली की ५००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही, म्हणून कार्ड हरवलं तर त्याच दिवशी बंद करा.

न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला, तर लगेच बँकेला आणि १९३० वर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पिन आपणच दिला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

काजू सोलून, मासे विकून जमवलेला पैसा आहे हा. त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.