‘हॅड बेटर’ आणि आपलं ‘बरं’

समजा, गुहागरच्या एका घरात इंग्लंडहून आलेलं जोडपं दोन दिवस मुक्कामाला होतं. उकडीचे मोदक, सोलकढी, कुळथाचं पिठलं, सगळं आवडीने खाल्लं आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत एक ओळ लिहून गेलं: ‘द फूड कुडन्ट हॅव बीन बेटर.’ घरातला बारावीतला मुलगा ती ओळ वाचतो. आधी नकार दिसतो, मग ‘बेटर’ दिसतो आणि त्याचा चेहरा पडतो. जेवण काही त्यांना आवडलं नाही, असं तो आईला सांगतो. पाहुण्यांना तर त्या माउलीला याहून मोठी दाद देता आली नसती.

त्याच ओळीतला नकार काढला की उरतं ‘द फूड कुड हॅव बीन बेटर.’ ही मात्र तक्रार आहे, सभ्य आवाजातली. जेवण आणखी चांगलं होऊ शकलं असतं, म्हणजे कुठेतरी कमी पडलं.

नकार आला की कौतुक आणि नकार गेला की नाराजी, हे कोडं सोडवायला दोन शब्दांची कामं वेगळी करून पाहावी लागतात. ‘कुड’ शक्यता सांगतो आणि ‘बेटर’ तिची दिशा. वर अजून पायरी आहे, असं ‘कुड बी बेटर’ म्हणतं. ‘कुडन्ट बी बेटर’ म्हणतं, शिडी इथेच संपली. मराठी माणूस हाच भाव प्रश्नातून व्यक्त करतो: ‘याहून चांगलं काय असणार!’ या रचनेचा गोतावळा मोठा आहे. सहकाऱ्याने इमेलमध्ये ‘आय कुडन्ट अग्री मोर’ लिहिलं, तर त्याला ते शंभर टक्के पटलेलं असतं. तिथे विरोध शोधू नये. ‘हाऊ आर यू’ला आलेलं ‘कुड बी वर्स’ हे उत्तर म्हणजे आपलं ‘चाललंय ठीक’. ‘आय कुडन्ट केअर लेस’ म्हणणाऱ्याला काडीचीही पर्वा नसते. अमेरिकेत कितीतरी लोक यातला नकार गाळून ‘आय कुड केअर लेस’ म्हणतात आणि तरीही अर्थ तोच राहतो. तिथे तर्क लावत बसू नये, वापर लक्षात ठेवावा.

मराठी माणूस ‘बेटर’सारख्या तुलनेच्या रूपांपाशी अडखळतो, याचं कारण त्याच्या भाषेच्या घडणीत आहे. ‘सीता गीतापेक्षा उंच आहे’ या वाक्यात ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो. इंग्रजीत मात्र ‘टॉल’चं ‘टॉलर’ करावं लागतं, शिवाय ‘दॅन’ लागतो तो वेगळाच. मग कुणी ‘टॉल दॅन’ म्हणतो, तर कुणी खबरदारी म्हणून ‘मोर टॉलर’, ‘मोर बेटर’. या दुसऱ्या चुकीबद्दल फार शरमायचं कारण नाही. खुद्द शेक्सपिअरच्या नाटकांत अशी दुहेरी तुलना आढळते. पुढे 18व्या शतकात व्याकरणकारांनी तिला चूक ठरवलं. रॉबर्ट लाउथ यांचं 1762 सालचं व्याकरण त्यांतलं गाजलेलं. दुहेरी तुलना आपणही करतोच. संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हा शब्द मुळातच ‘सर्वांत चांगला’ या अर्थाचा. तरी मराठीत ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ सर्रास लिहिलं जातं. इंग्रजी परीक्षेत मात्र ‘मोर बेटर’ला गुण मिळत नाहीत. जोर द्यायचाच असेल तर ‘मच बेटर’ म्हणावं. ‘व्हेरी बेटर’ही चालत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘हॅड बेटर’मध्ये. ‘यू हॅड बेटर गो नाऊ.’ यातला ‘हॅड’ भूतकाळ दाखवत नाही आणि ‘बेटर’ कुणाशी उघड तुलनाही करत नाही. ‘हॅड’ हे इथे जुन्या इंग्रजीतल्या कल्पित अवस्थेच्या रूपाचं उरलेलं खोड आहे. बोलण्यात ते ‘यूड बेटर’ इतकं आखडतं, की शिकणाऱ्याला आत ‘वुड’ असावा असं वाटतं आणि तो ‘यू वुड बेटर गो’ लिहून बसतो. ते चूक. ‘हॅड बेटर’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, मध्ये ‘टू’ नाही: ‘टू गो’ नव्हे, नुसतं ‘गो’. नकार द्यायचा तर ‘हॅड बेटर नॉट गो’.

व्याकरण एकदाचं पाठ होतं, पण त्यातला सूर कळायला वेळ लागतो. शाळेत ‘हॅड बेटर’ म्हणजे ‘बरे’ असं शिकलेला कारकून साहेबांना अगदी नम्रपणे म्हणतो, ‘सर, यू हॅड बेटर साइन टुडे.’ इंग्रजी कानाला त्यात दटावणी ऐकू येते: आज सही करा, नाहीतर बघा. सल्ला न ऐकल्यास काहीतरी वाईट होईल, ही छाया ‘हॅड बेटर’ला कायम चिकटलेली असते. म्हणून आई मुलाला हे म्हणू शकते, डॉक्टर रुग्णाला म्हणू शकतो, कारकून साहेबांना नाही. त्याने ‘इट वुड बी बेटर इफ यू साइन्ड टुडे’ म्हणावं.

आणि हा फरक मराठी माणसाला परका मुळीच नाही! ‘तू आता गप्प बसलेलं बरं’ यातली धार कुणालाही कळते. ‘आज सही झाली तर बरं होईल’ यातला विनयही कळतो. दोन्हींत ‘बरं’च आहे. पहिलं वाक्य ‘हॅड बेटर’चं, दुसरं ‘वुड बी बेटर’चं. पाठ्यपुस्तकाने ‘बेटर’चा अर्थ नुसता ‘अधिक चांगले’ असा न देता ही जोडी समोर ठेवली, तर एका तासात मुलांचा गोंधळ मिटेल.

‘वुड रादर’मध्ये तर तुलना लपूनच बसली आहे. ‘रादर’ हे एका जुन्या शब्दाचं तुलनेचं रूप. त्या शब्दाचा अर्थ ‘लवकर’. म्हणजे ‘रादर’ मुळात ‘अधिक लवकर’. म्हणूनच त्याच्यामागे ‘दॅन’ येतो: ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट’, थांबण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. मात्र दुसऱ्याने काही करावं असं सुचवायचं असेल, तर क्रियापद भूतकाळी होतं: ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो.’ उद्याची गोष्ट आणि ‘केम’? विद्यार्थी इथे हटकून शिक्षकांना अडवतात. त्यांना मराठीतलं साधं वाक्य फळ्यावर लिहून दाखवावं: ‘तुम्ही उद्या आलात तर बरं होईल.’ उद्याचाच दिवस, आणि क्रियापद ‘आलात’.