फुगा फुगला, वाट मोकळी झाली

नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात आणि त्याच्याच ‘सुपर’ स्पेशालिटीमध्ये गडचिरोली-गोंदियापासून पार बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. त्यांतल्या काही तरुण बायकांचं हृदयाचं दुखणं लहानपणी नीट उपचार न झालेल्या घसादुखीतून सुरू झालेलं असतं. त्यामागून सांधे धरणारा ताप येतो, तो उतरतो आणि विसरला जातो. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप मात्र हळूहळू जाड होत, कडांना चिकटत जाते.

निरोगी झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडतं. ते दीडच्या खाली आलं की रक्त वरच्या कप्प्यात तुंबतं, दाब मागे फुफ्फुसांपर्यंत पोचतो आणि धाप लागते. पुष्कळदा हे पहिल्या बाळंतपणाच्या वेळी उघड होतं. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, नाडीही जलद होते. खालचा कप्पा भरतो तो दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके वाढले की नेमका तोच विसावा कापला जातो.

जपानच्या कांजी इनोए यांनी १९८०च्या दशकात यावर फुग्याचा उपाय आणला. मांडीच्या शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात, तिथून मधला पडदा टोचून डाव्या वरच्या कप्प्यात. फुगा झडपेत बसवून काही सेकंद फुगवतात. चिकटलेल्या कडा सुटतात. मॉनिटरवर डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या दाबांच्या रेषांमधलं अंतर तिथल्या तिथे कमी झालेलं दिसतं.

इकोवर आधी दिसतो चिंचोळा, वेगवान, रंगीबेरंगी झोत. तोंड रुंदावलं की तो मंदावतो, पसरतो. निरोगी हृदयात आत शिरलेलं रक्त पाकळ्यांमागे वळून भोवरा धरतं आणि त्याच ओघात महारोहिणीच्या दाराकडे वळतं. झडप बदलून धातूची बसवली की या भोवऱ्याची घडण बदलते. शिवाय गुठळ्या टाळायला रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती पोटातल्या बाळाला अपायकारक ठरू शकते. वारंवार रक्ततपासणीसाठी गडचिरोलीतल्या भामरागडहून यायचं, तेही वेगळंच. म्हणून जिथे शक्य आहे तिथे स्वतःचीच झडप वाचवावी, असं मला ठामपणे वाटतं.

अर्थात प्रत्येक झडप फुग्याला साथ देत नाही. चुना साचलेली पाकळी फाटली तर रक्त उलटं गळू लागतं. वरच्या कप्प्यात गुठळी असेल तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून अन्ननलिकेतून इको करून आधी पाहतात. फुग्यानंतरही पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, कित्येक वर्षं चालू ठेवावं लागतं, कारण तो ताप परत आला तर मोकळी केलेली झडप पुन्हा आखडते.